अणूचा शेजार

(नभोवाणीवरील भाषण)

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील तुकईथड हे सातपुड्याच्या कुशीतील एक लहानसे गाव. अकोल्याहून खंडव्याकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेज लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून त्याचे नाव वऱ्हाडात आणि निमाडात परिचित आहे. एके काळी या मार्गाची गाडी खंडव्यावरून पुढे महू आणि इंदूरपर्यंत जात असे. अशा आडबाजूच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या उतारूची दृष्टी सहजच खाली रुळांकडे जाते. तेथे त्याला तीन गोष्टी दिसतात. चाकांच्या घर्षणाने चकचकीत झालेला रुळाचा माथा, त्याच रुळाच्या कडेला चढलेला तांबूस गंज, आणि रुळाखाली पसरलेली काळ्या दगडाची खडी. रंगाने आणि गुणाने या तिन्ही वस्तू एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत. तथापि तिन्हींमध्ये एक समान द्रव्य आहे, आणि ते म्हणजे लोह.

रूळ तर जवळजवळ सर्वच लोहाचा. गंज म्हणजे हवा व पाणी यांच्या संगतीने लोहाचे झालेले रूपांतर. काळ्या दगडातही वजनाचा सुमारे दहावा भाग लोहच असते. फार प्राचीन काळी लाव्हारसाबरोबर ते पृथ्वीच्या पोटातून वर आले आणि दख्खनच्या खडकात बंदिस्त झाले. लोहाचा अणू तिन्ही ठिकाणी लोहाचाच आहे. त्याच्या केंद्रातील विद्युत्‌भार तोच, सव्वीस. मग एक वस्तू चिवट धातू, दुसरी बोटाने चुरगळणारी भुकटी आणि तिसरी कठीण पाषाण, असा भेद का पडावा? याचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर असे देता येईल की, अणूचा गुण त्याच्या कुळावर जितका अवलंबून असतो तितकाच तो त्याच्या शेजारावर अवलंबून असतो. हा शेजार कोणत्या उपायाने कळतो, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय केवळ पंडितांच्या कुतूहलाचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. काळ्या जमिनीत शेती करणाऱ्याला याचा अनुभव नेहमी येतो. चुनखडीचे प्रमाण अधिक असलेल्या रानात पिकाची कोवळी पाने पिवळी पडू लागतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि मधला भाग फिका होत जातो. जाणता मनुष्य पाहताच सांगतो की, पिकाला लोह कमी पडले आहे. आता गंमत अशी की, ज्या मातीत ते पीक उभे असते ती काळ्या खडकापासूनच झालेली असल्यामुळे तिच्यात लोहाचा तुटवडा नसतो. रसायनशाळेत माती विरघळवून लोहाचे वजन केले, तर ते भरपूर भरते. म्हणजे कोठार भरलेले आहे आणि घरात उपासमार चालू आहे! कारण असे की, त्या मातीतील बहुतेक लोह फेरिक अवस्थेत असते, आणि चुनखडीच्या सहवासात ते पाण्यात जवळजवळ मुळीच विरघळत नाही. वनस्पतीला हवे असते ते मुळांना शोषून घेता येईल असे लोह. म्हणून शेतकरी हिराकस फवारतो. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. पण तीच हिराकस दमट हवेत उघडी राहिली, तर तिचा हिरवट रंग जाऊन ती पिवळट-तपकिरी होते. म्हणजे फेरस लोहाचे पुन्हा फेरिक होऊ लागते. यावरून ध्यानात येईल की, एखाद्या पदार्थात अमुक मूलद्रव्य किती आहे, एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणाच्या शेजारी राहते, हे कळावे लागते.

अणूंची मांडणी पाहण्याचा एक मार्ग शास्त्रज्ञांना १९१२-१३ च्या सुमारासच सापडला होता. रोंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधून काढले. हे किरण स्फटिकावर सोडले असता ठराविक दिशांनी परावर्तित होतात, आणि त्या दिशांवरून स्फटिकातील अणूंच्या रांगा किती अंतरावर आहेत हे गणिताने काढता येते, असे लाउए आणि ब्रॅग पितापुत्र यांनी दाखविले. या पद्धतीने मिठाच्या खड्यापासून पुढे प्रथिनांपर्यंत असंख्य पदार्थांचे अंतरंग उघडे झाले. परंतु या पद्धतीची एक अट आहे. अणू कवायतीला उभ्या राहिलेल्या शिपायांप्रमाणे दूरवर शिस्तीने रांगेत असले पाहिजेत. काच, माती, नुकताच धरलेला गंज, पाण्यात विरघळलेला क्षार, पानातील रस या वस्तूंत अशी शिस्त नसते. तेथे अणूंची रांग नाही, जत्रा आहे. आणि माणसाच्या नित्याच्या व्यवहारातील कितीतरी वस्तू या जत्रेतल्याच आहेत. जत्रेमध्ये रांगा मोजून काही निष्पन्न होत नाही. तेथे एखाद्या इसमाला गाठून, “बाबा, तुझ्या सोबत कोण कोण आहेत आणि किती जवळ आहेत?” असेच विचारावे लागते. अणूला असा प्रश्न विचारण्याची जी रीत आहे, तिला क्ष-किरण शोषण वर्णपटशास्त्र असे नाव आहे.

तिचे तत्त्व समजण्यास फारसे कठीण नाही. लोहाच्या अणूत केंद्राभोवती सव्वीस इलेक्ट्रॉन असतात. त्यांतील दोन केंद्राच्या अगदी निकट, म्हणजे जणू घराच्या माजघरात राहतात, आणि केंद्राने त्यांना फार घट्ट धरून ठेवलेले असते. क्ष-किरणांची शक्ती हळूहळू वाढवीत ते लोहाच्या पातळ थरातून पार केले, तर सुरुवातीला शोषण थोडे थोडे कमी होत जाते. परंतु शक्ती ७११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला पोचली की शोषण एकदम उसळी घेते. कारण माजघरातील इलेक्ट्रॉनाला बाहेर काढण्यास लागणारे बळ किरणात त्याच क्षणी येते. आलेखावर ही जागा डोंगराच्या कड्यासारखी सरळ उभी दिसते, म्हणून तिला शोषणाची कडा म्हणतात. प्रत्येक मूलद्रव्याची कडा वेगळी. क्रोमियमची ५९८९ वर, लोहाची ७११२ वर, तांब्याची ८९७९ वर. त्यामुळे मातीत शंभर प्रकारची द्रव्ये मिसळलेली असली तरी लोहाच्या कडेवर उभे राहून विचारलेला प्रश्न फक्त लोहालाच ऐकू जातो.

या कडा प्रथम दिसल्या त्या प्रसंगाची हकीकत मनोरंजक आहे. १९१३ मध्ये फ्रान्समधील मोरिस द ब्रॉग्ली हे क्ष-किरणांचे वर्णपट छायाचित्रणाच्या काचेवर घेत होते. किरण कोणत्याही धातूपासून निघालेले असोत, काचेवर दोन ठिकाणी काळेपणा एकाएकी बदललेला त्यांना आढळे. या खुणा कोठून येतात ते आधी कळेना. पुढे उलगडा झाला तो असा की, दोष किरणांत नव्हता. काचेवरील लेपात चांदी आणि ब्रोमीन ही द्रव्ये होती, आणि त्या खुणा त्यांच्याच कडा होत्या. ज्या कागदावर साक्ष लिहून घ्यावयाची तो कागदच साक्ष देऊ लागला!

पुढे १९२० मध्ये स्वीडनमध्ये काम करणाऱ्या हुगो फ्रिक यांनी आणि त्याच सुमारास गुस्टाफ हर्ट्‌झ यांनी अधिक बारकाईने पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट आढळली. कडेच्या पलीकडे शोषणाची रेषा गुळगुळीत नसते. तिच्यावर बारीक बारीक लहरी उमटलेल्या असतात. या लहरी म्हणजेच शेजाऱ्यांचा आवाज होता. तथापि तो ओळखता येण्यास पुढे पन्नास वर्षे लागावयाची होती.

या लहरी का उमटतात हे समजण्यासाठी एका भरलेल्या विहिरीची कल्पना करावी. पायरीवर बसून एखाद्याने हातातील काठी पाण्यात एका तालाने खालीवर केली, तर काठीपासून वर्तुळाकार लाटा निघतात, विहिरीच्या काठावर आपटतात आणि परत फिरतात. परत आलेली लाट काठीपाशी पोचते त्या वेळी काठीजवळचे पाणी वर येत असेल, तर दोहोंची भर पडून पाणी अधिक उसळते. ते खाली जात असेल, तर दोन्ही एकमेकांना मारतात आणि पाणी शांत होते. आता काठीचा ताल क्रमाने जलद करीत नेला, तर लाटा आखूड होत जातात, आणि काठीजवळचे पाणी आळीपाळीने उसळते व शांत होते. विहीर लहान असेल तर हा बदल सावकाश होतो. विहीर मोठी असेल तर ताल किंचित बदलताच तो होतो. म्हणून डोळे मिटून बसलेल्या मनुष्यालाही केवळ हाताला लागणाऱ्या पाण्याच्या हेलकाव्यावरून काठ किती दूर आहे, हे सांगता येईल.

अणूत नेमके हेच घडते. किरणाच्या आघाताने माजघरातून निघालेला इलेक्ट्रॉन हा एखाद्या लाटेप्रमाणे चोहोंकडे पसरतो. शेजारच्या अणूंवर आदळून त्या लाटेचा काही अंश मूळ अणूकडे परततो. परतलेली लाट अनुकूल असली तर शोषण थोडे वाढते, प्रतिकूल असली तर थोडे घटते. किरणाची शक्ती वाढवीत जावे तसतशी इलेक्ट्रॉनाची लाट आखूड होत जाते, आणि शोषणाची रेषा वरखाली होत राहते. लहरींच्या दाटीवरून शेजाऱ्याचे अंतर कळते, त्यांच्या उंचीवरून शेजाऱ्यांची संख्या कळते, आणि लहरींच्या एकंदर घडणीवरून शेजारी हलक्या जातीचा अणू आहे की जड जातीचा, याचा अंदाज येतो.

१९३१ मध्ये क्रोनिग यांनी या लहरींची पहिली उपपत्ती मांडली. ती स्फटिकातील दूरवरच्या शिस्तीवर आधारलेली होती. दुसऱ्याच वर्षी त्यांनीच रेणूंसाठी वेगळी उपपत्ती दिली आणि तिच्यात केवळ निकटच्या शेजाऱ्यांना महत्त्व होते. या दोहोंपैकी खरी कोणती, यावर पुढे सुमारे चाळीस वर्षे वाद चालला. त्याचा निकाल १९७१ मध्ये अमेरिकेतील सेयर्स, स्टर्न आणि लिटल या तिघांनी लावला. तंबोऱ्याच्या झंकारात अनेक स्वर मिसळलेले असले तरी जाणकार कान ते वेगवेगळे ओळखतो. त्याचप्रमाणे फूरिए यांच्या गणिताने या मिश्र लहरी अलग केल्या तर प्रत्येक अंतरावरील शेजारी अलग दिसतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी जर्मेनियम या द्रव्याचे दोन नमुने घेतले. एक स्फटिकरूप आणि दुसरा अव्यवस्थित. दोहोंतही अगदी लगतचा शेजार सारखाच निघाला. मात्र पलीकडचे शेजारी स्फटिकात दिसले आणि अव्यवस्थित नमुन्यात दिसेनासे झाले. जत्रेतील माणसाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागले, ते असे.

या दीर्घ कथेत महाराष्ट्राचा एक धागा गुंफलेला आहे आणि तो मराठी वाचकांना ठाऊक असावयास हवा. पॅरिसमधील इव्हेत कोश्वा या विदुषीने १९३२ मध्ये क्ष-किरणांचा वर्णपट घेण्यासाठी वाकविलेल्या स्फटिकाचे उपकरण सिद्ध केले. सपाट स्फटिकाने विखुरणारे किरण वाकविलेल्या स्फटिकाने एकत्र येतात आणि फिक्या रेषाही स्पष्ट उमटतात. या विदुषीच्या प्रयोगशाळेत काम केलेले प्रा. चिंतामणी मांडे यांनी पुढे नागपूर विद्यापीठात या शास्त्राची परंपरा रुजविली. तेथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या संयुगांत एकाच धातूची कडा किती सरकते, याची मोजमापे केली. तांब्याच्या कडेच्या सरकण्यासंबंधी सप्रे आणि मांडे यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोश्वाबाईंच्या गौरवार्थ १९८२ मध्ये जो ग्रंथ निघाला, त्याच्या दोन संपादकांपैकी एक मांडे हे होते.

कडा सरकते म्हणजे काय, हे येथे सांगणे अवश्य आहे. लोहाच्या अणूने आपले बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन गमावले की तो फेरस होतो आणि तीन गमावले की फेरिक होतो. घरातील माणसे कमी झाली की उरलेल्यांवर कर्त्याची पकड अधिक घट्ट बसते. तसेच येथेही घडते. आतला इलेक्ट्रॉन काढण्यास अधिक बळ लागते आणि कडा वर सरकते. फेरस आणि फेरिक यांच्या कडांत तीन ते पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा फरक असतो. सात हजारांत तीन-चारांचा फरक म्हणजे किती सूक्ष्म! तो मोजण्यासाठी त्या काळातील संशोधकांना क्ष-किरणांच्या साध्या नळीसमोर फिल्म लावून तासन्‌तास बसावे लागे आणि नंतर त्या फिल्मवरील काळेपणा बिंदूबिंदूने मोजावा लागे. एवढ्या खटाटोपानंतर हाती येई ती एक वाकडीतिकडी रेषा. पण त्या रेषेवर विश्वास ठेवून ही माणसे वर्षानुवर्षे काम करीत राहिली.

त्यांची खरी अडचण किरणांच्या मंदपणाची होती. ती दूर झाली सिंक्रोट्रॉनमुळे. प्रकाशाच्या जवळजवळ वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन लोहचुंबकाच्या प्रभावाने वळविला, तर वळणावर तो अत्यंत प्रखर किरण फेकतो. वर्तुळाकार मार्गावर इलेक्ट्रॉनांना फिरवीत ठेवले की किरणांचा अखंड झरा मिळतो. १९६३ मध्ये इटलीतील फ्रास्कातीच्या सिंक्रोट्रॉनवर अशा किरणांनी क्ष-किरण वर्णपट घेण्यात आले. घेणाऱ्यांत याच कोश्वाबाई अग्रभागी होत्या.

भारतातील असे यंत्र तुकईथडहून फार दूर नाही. खंडव्यावरून महूकडे जाणाऱ्या त्या जुन्या मार्गाच्या शेवटी इंदूर लागते. तेथे १९८४ मध्ये ज्या केंद्राची कोनशिला बसविली गेली, त्याचे नाव २००५ पासून राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असे आहे. या केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ अशी दोन वलये आहेत. पहिले १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. दुसरे मोठे असून त्याचा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. त्यातील इलेक्ट्रॉनांना अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी शक्ती दिली जाते, आणि ते एका सेकंदात या वलयाच्या सुमारे सतरा लाख फेऱ्या करतात. सोळा मोठी चुंबके त्यांना वळण देतात. वळणांवरून निघणारे किरण निरनिराळ्या वाटांनी बाहेर आणले जातात, आणि प्रत्येक वाटेवर वेगळे उपकरण मांडलेले असते.

यांपैकी आठवी आणि नववी वाट शोषण वर्णपटासाठी आहे. दोन्हींची उभारणी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी केली. आठव्या वाटेवर सिलिकॉनचा एक वाकविलेला स्फटिक आहे. कोश्वाबाईंनी वापरलेल्या युक्तीचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाही. तो सर्व शक्तींचे किरण एकाच वेळी नमुन्यावर आणतो आणि संपूर्ण वर्णपट एकदम टिपला जातो. नवव्या वाटेवर दोन स्फटिकांची जोडी आहे. ती किंचित किंचित फिरवून एका वेळी एकाच शक्तीचा किरण निवडला जातो आणि वर्णपट पायरीपायरीने पुरा होतो. नमुना फार लागत नाही. चिमूटभर भुकटी दुसऱ्या निरुपद्रवी भुकटीत मिसळून तिची लहानशी वडी दाबून घेतली की पुरे. वडीच्या आधी किरण किती होता आणि वडीतून पार झाल्यावर किती उरला, एवढेच मोजावयाचे असते. शोधण्याचे द्रव्य फारच अल्प असेल, तर त्यातून उलट बाहेर पडणारा क्षीण किरण मोजतात. देशातील विद्यापीठांचे संशोधक आपला प्रस्ताव पाठवून येथे यंत्राचा वेळ मिळवू शकतात.

आता आरंभी पाहिलेल्या तीन वस्तूंकडे वळू. रुळाचा कीस, गंजाची भुकटी आणि खडीचे पीठ अशा तीन वड्या या किरणापुढे ठेवल्या, तर काय दिसेल? अंतर मोजण्यासाठी येथे अँगस्ट्रॉम हे माप घेतात. तो सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग होय. रुळाचा आलेख सांगेल की, येथे लोहाचा शेजारी लोहच आहे. आठ अणू सुमारे २.४८ अँगस्ट्रॉमवर आणि त्यांच्या मागे सहा सुमारे २.८७ वर. सगळे एकाच कुळाचे, दाटीवाटीने उभे, आणि म्हणून वस्तू धातूसारखी चिवट. गंजाचा आलेख सांगेल की, येथे प्रत्येक लोहाणूला ऑक्सिजनच्या सहा अणूंनी वेढले आहे, त्यांचे अंतर सुमारे दोन अँगस्ट्रॉम आहे आणि कडा वर सरकली असल्यामुळे लोह फेरिक आहे. खडीचा आलेख सांगेल की, येथेही शेजारी ऑक्सिजनच आहेत, परंतु ते थोडे दूर, सुमारे २.१ ते २.२ अँगस्ट्रॉमवर आहेत आणि लोह बहुतांशी फेरस आहे. त्याच खडीचा दगड वर्षानुवर्षे उन्हापावसात पडून त्याच्यावर जे तपकिरी कवच चढते, त्याचा वर्णपट घेतला तर कडा गंजाच्या दिशेने सरकलेली दिसेल. म्हणजे खडकाची माती होण्याच्या क्रियेतील एक पायरी येथे प्रत्यक्ष मोजता येते.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती प्रत्येक अणूची वेगळी जबानी घेत नाही. नमुन्यातील त्या द्रव्याच्या सर्व अणूंची मिळून सरासरी साक्ष ती देते. म्हणून अर्धे लोह एका घरात आणि अर्धे दुसऱ्या घरात असेल, तर उत्तर संमिश्र येते आणि ते सोडविण्यास माहीत असलेल्या नमुन्यांशी तुलना करावी लागते. ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांसारखे जवळजवळच्या वजनाचे शेजारी तिला ओळखू येण्यास कठीण जातात. लगतच्या शेजाऱ्याचे अंतर ती अँगस्ट्रॉमच्या दोनशतांश भागापर्यंत अचूक सांगते, परंतु शेजाऱ्यांची संख्या सांगताना तिची शंभरात दहा-वीसची चूक होऊ शकते. स्फटिकांसाठी ब्रॅग यांची जुनी रीतच श्रेष्ठ आहे. शहाणा संशोधक दोन्ही साक्षीदारांना बोलावतो आणि त्यांचे म्हणणे ताडून पाहतो.

एवढे असूनही या रीतीचे महत्त्व दिवसेंदिवस वाढत आहे, आणि त्याचे कारण ज्या ठिकाणी ती कामी येते त्यावरून कळेल. क्रोमियमचेच उदाहरण घ्यावे. पाण्यात किंवा मातीत ते दोन मुख्य अवस्थांत सापडते. एका अवस्थेत त्याने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. हे क्रोमियम मातीला बिलगून राहते आणि तितकेसे घातक नसते. दुसऱ्या अवस्थेत त्याने सहा गमावलेले असतात. हे पाण्याबरोबर सहज वाहते आणि विषारी असते. वजनाच्या काट्याला हा भेद दिसत नाही. परंतु शोषणाच्या आलेखात सहावाल्या क्रोमियमच्या कडेच्या अलीकडे एक ठळक सुळका उभा राहतो, कारण त्याचे चार ऑक्सिजन शेजारी चौफलकाच्या आकारात उभे असतात. सहा शेजाऱ्यांत राहणाऱ्या तीनवाल्या क्रोमियममध्ये तो सुळका जवळजवळ नसतोच. बंगालच्या भूजलातील आर्सेनिकबाबतही हेच म्हणता येईल. तेथेही एकूण आर्सेनिक किती याच्या जोडीला ते कोणत्या अवस्थेत आहे, हा प्रश्न पाणी शुद्ध करणाराला सोडवावाच लागतो; कारण एक अवस्था गाळणीत सहज अडकते आणि दुसरी निसटून जाते. पिणाऱ्याच्या दृष्टीने हा जिवाचा प्रश्न आहे.

पिवळ्या पानाचा प्रश्न तितका भयंकर नसेल, पण तो अधिक घरांचा आहे. मातीतील लोह फेरिक होऊन कोणत्या खनिजात अडकले आहे, सेंद्रिय खताच्या सहवासात त्याचा शेजार बदलतो की काय, मुळांपाशी त्याची अवस्था कोणती असते, हे प्रश्न जगातील माती-शास्त्रज्ञ या किरणांनी तपासत आले आहेत. वनस्पतींनी यावर आपापल्या परीने उपाय योजलेले आहेतच. काही जातींची मुळे फेरिक लोहाला फेरस करून आत घेतात. ज्वारी-मक्यासारखी तृणधान्ये मुळांतून एक द्रव्य सोडून लोहाला त्यात गुंडाळून आणतात. म्हणजे लोहाचा शेजार बदलल्याशिवाय ते आपल्याला मिळणार नाही, ही गोष्ट ज्वारीच्या मुळाला फार पूर्वीपासून उमगलेली आहे. मनुष्याला ती मोजून दाखविता येऊ लागली, एवढाच काय तो नवा भाग. परंतु मोजल्यावाचून उपायाची पारख होत नाही. कोणते खत खरोखर लोह मोकळे करते आणि कोणते केवळ पैसे खर्च करविते, हे अंदाजाने ठरविण्यात शेतकऱ्याचेच नुकसान आहे.

शाळेतील मुले मूलद्रव्यांचा तक्ता पाठ करतात. लोह म्हणजे सव्वीस, असे त्यांना सांगता येते. ते अवश्य पाठ करावे. पण त्यापुढे एक प्रश्न त्यांनी विचारावयास शिकले पाहिजे. हे सव्वीस क्रमांकाचे लोह कोणाच्या शेजारी आहे? या एका प्रश्नाने रूळ, गंज आणि खडी वेगळ्या होतात. औषध आणि विष वेगळे होते. भरलेले कोठार आणि उपाशी पीक यांतील कोडे सुटते. हुगो फ्रिकच्या आलेखावरील बारीक लहरींपासून नागपूरच्या प्रयोगशाळेतील फिल्मपर्यंत आणि तेथून इंदूरच्या वलयापर्यंत शंभर वर्षे जी खटपट चालली, ती या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठीच होती.

तुकईथडच्या काळ्या खडीचा एक तुकडा खिशात घालून एखादा विद्यार्थी उद्या त्या वलयापाशी पोचला, तर त्याच्या हातातील दगड मुका राहणार नाही. सातपुड्याच्या कुशीत कोट्यवधी वर्षे गप्प बसलेला लोहाचा अणू आपला शेजार त्याला सांगेल. ऐकण्याची रीत तेवढी त्याने शिकून घेतलेली असली पाहिजे.